पान एकशे त्रेचाळीस

हेब्बाळ, बेंगळूर
९ जून २०२५

प्रिय सुलभाक्का,

साष्टांग नमस्कार.

पत्र पाहून तुला नवल वाटेल. फोन तू उचलत नाहीस. मेघाश्रीच्या फोनवर केला तर ती 'आई झोपलीय, मामा' म्हणते, सकाळी अकरा वाजतासुद्धा. म्हणून म्हटलं, नानांनी आपल्याला पाटीवर गिरवून मराठी शिकवलं ते वाया का घालवा? आपल्या हुणसेपाळ्यात मराठी बोलणारी घरं बावन्न, पण लिहिणारी माणसं तू आणि मी दोघंच.

आम्ही बरे आहोत. माझा उजवा गुडघा स्वल्प दुखतो, पण तळ्याभोवती रोज एक फेरी होते. सुचेता तुझी सारखी आठवण काढते. तिनेच सांगितलं, अक्कांना पत्र लिहा म्हणून. म्हैसूरची हवा तुला मानवली असेल.

गावाकडे मी महिन्यातून एकदा तरी जातो. सगळं ठीक आहे. भवानीच्या देवळाला नवी फरशी बसली. आनेकलपर्यंतचा रस्ता इतका चांगला झालाय की बसमध्ये कॉफीचा पेला हातात धरून बसता येईल. पोरांना काम मिळालं. खालच्या आळीतल्या आपल्या सत्यवतीचा नवरा सुहास प्लांटवर लॉरी चालवतो. तू तेव्हा घाबरली होतीस तसं काहीही झालेलं नाही. शहराचा कचरा येतो, जळतो, त्याची वीज होते आणि ती तारेतून निघून जाते. झालं!

आता एक छोटंसं काम. प्लांटचा दुसरा भाग उभा करायचं चाललंय, पहिल्याएवढाच. त्यासाठी एक ऑगस्टला गावात पुन्हा जनसुनावणी आहे. २०२२च्या सुनावणीत तू जी लेखी हरकत दिली होतीस ती अजून फाइलमध्ये आहे. जितेंद्र तुला आठवत असेल, कारखान्यात माझ्या हाताखाली शिकलेला, आता प्लांटचा मॅनेजर आहे. तो म्हणतो, जुनी हरकत तशीच राहिली तर उगाच प्रश्न निघतात. सोबत एक कागद ठेवलाय. 'माझी हरकत मी मागे घेते' एवढंच त्यात आहे. नाही तरी तू आता गावात राहत नाहीस. खाली सही कर आणि सोबतच्या पाकिटात घालून पाठव. पाकिटावर तिकीट लावलेलं आहे.

मेघाश्रीला आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ,
उपेंद्र


हेब्बाळ
२४ जून २०२५

अक्का,

कागद परत आला. सही नाही. मागे तुझ्या अक्षरात दोन ओळी. 'आधी सत्यवतीच्या घरी जा. मग पत्र लिही.'

तीन वर्षांत तुझ्याकडून आलेले हे पहिले शब्द. मी ते चार दिवस खिशात घेऊन फिरतोय.

तू पहिल्या पत्रावर विश्वास ठेवला नाहीस हे बरं केलंस. सुचेताने पत्र लिहा म्हणून सांगितलं नव्हतं. मी तुला लिहिलंय हे तिला ठाऊकही नाही. त्या सुनावणीनंतर तिने एकदाच विचारलं होतं, "अक्का गाव सोडून गेल्या, तुम्ही त्यांना अडवलंत का?" मी म्हणालो, त्या त्यांच्या मर्जीने गेल्या. त्यानंतर आमच्या घरात तुझं नाव निघालेलं नाही.

आणि मी महिन्यातून एकदा गावी जातो हेही खरं नाही. चौदा महिने मी गावात पाऊल टाकलेलं नाही. जातो तो कंपनीच्या गाडीतून, प्लांटच्या फाटकातून आत. आतल्या ऑफिसात मला खुर्ची आहे, दारावर नाव आहे, नावाखाली 'सल्लागार' लिहिलंय. खिडकी गावाच्या उलट्या बाजूला आहे. देवळाची फरशी मी फोटोत पाहिली.

सत्यवतीच्या घरी जाईन. येत्या रविवारी नाही जमणार, त्याच्या पुढच्या रविवारी नक्की.

उपेंद्र


हेब्बाळ
६ जुलै २०२५

अक्का,

आज गेलो होतो. आत्ताच परत आलो. पाय धुतले आणि लिहायला बसलो, कारण उद्यापर्यंत थांबलो तर मी हे सगळं गोड करून लिहीन हे मला माहीत आहे.

बसने गेलो. कंपनीची गाडी घेतली नाही. हुणसेपाळ्याच्या थांब्यावर उतरलो तेव्हा मला वाटलं माझा चष्मा घाण झालाय. पुसला. पुन्हा घातला. खालच्या आळीवर करडी साय धरल्यासारखं काही तरी होतं. छपरांवर, कुंपणांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर.

सत्यवती अंगणात होती. मला पाहून पदर सावरत उठली. "अय्यो, उप्पी अण्णा! या, या. आज वाट कशी चुकली?" सुहास ओसरीवर बसला होता. उठून नमस्कार केला आणि परत बसला.

पाणी दिलं तिने. कॅनमधलं. "आमच्या विहिरीचं देत नाही तुम्हाला," म्हणाली, "पोटात कळ येते."

मी रेशीमकिड्यांची खोली कुठे म्हणून विचारलं. तुला लहानपणचं आठवतं ना अक्का, त्या खोलीत गेलं की पाऊस पडल्यासारखा आवाज यायचा, हजारो किडे तुतीचा पाला खातानाचा? तिने दार उघडलं. आत आवाज नव्हता. बांबूच्या मांडण्या रिकाम्या होत्या. कोष करायला किडे सोडतात त्या गोल जाळ्यांवर तिने मिरच्या वाळत घातल्या होत्या.

"चार वेळा अंडी आणली अण्णा," ती म्हणाली. "तिसरी कात टाकेपर्यंत बरे असतात. मग खायचं थांबतात. डोकं वर करून नुसते बसतात. कोष करत नाहीत. पाला धुऊन घातला, पुसून घातला. एकेक पान पुसलं मी. शेवटच्या वेळेला सगळे सुपात भरून खड्ड्यात पुरले."

आता ती कपड्यांच्या कारखान्यात जाते. सकाळी साडेसहाची बस. दिवसभर शर्टांच्या कॉलरी शिवते. राख कुठून येते म्हणून मी विचारलं. मला माहीत होतं, तरी विचारलं. तिने सुहासकडे पाहिलं. सुहास म्हणाला, "वरच्या जुन्या दगडखाणीत टाकतो. मीच टाकतो. दिवसाला सात खेपा." आणि उठून हात धुवायला गेला. हात स्वच्छ होते.

यानंतर जे झालं ते लिहायला मला लाज वाटते.

निघताना सत्यवती म्हणाली, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका अण्णा. तुम्हाला तरी काय माहीत असणार? कंपनीने आम्हाला फसवलं तसं तुम्हालाही फसवलं."

मी मान हलवली. "हो ना," म्हणालो.

अक्का, मी 'हो ना' म्हणालो. तिने माझ्यासाठी दार उघडलं आणि मी त्यातून बाहेर पडलो. थांब्यापर्यंत ती मला सोडायला आली, पिशवीत दोन पेरू घालून दिले.

आता तुला जे तीन वर्षांपूर्वी सांगायचं होतं ते सांगतो. तुला संशय होता, पण खात्री नव्हती.

प्लांटमुळे गावावर काय परिणाम होतील याचा कंपनीचा तो अहवाल इंग्रजीत, तीनशे बारा पानांचा. कानडीत पंचायतीच्या भिंतीवर लावला तो बारा पानांचा सारांश. त्यात काहीच नव्हतं. जितेंद्र मला म्हणाला होता, "सर, तुमच्या भाषेत तुम्ही समजावून सांगा. बायका तुमचं ऐकतील. आमचं ऐकणार नाहीत." मी अख्खा अहवाल वाचला. पेन्सिल हातात घेऊन, चौतीस वर्षं कारखान्यात वाचायचो तसा. पान एकशे त्रेचाळीस. तिथे लिहिलंय की राख काही काळ जुन्या खाणीत टाकली जाईल. खाणीपासून तुतीची शेतं दोनशे मीटरवर आहेत. आणि रेशीमकिड्यांवर काय परिणाम होईल याचा वेगळा अभ्यास करणं गरजेचं आहे, तो केलेला नाही. 'तो केलेला नाही' याखाली माझी पेन्सिलची रेघ आहे.

सुनावणीच्या दिवशी देवळापुढे मी दीड तास बोललो. बॉयलर कसा असतो, धूर कसा गाळतात, सगळं सोप्या मराठीत. एकशे बेचाळीसपर्यंतचं सांगितलं. मग पान उलटलं आणि एकशे चव्वेचाळीसपासून पुढे गेलो. जितेंद्रने मला ते गाळायला सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं.

तू उभी राहिलीस. "उपेंद्र, राख कुठे टाकणार?" एवढंच विचारलंस. मी म्हणालो, "अक्का, हे चौथीच्या वर्गातलं गणित नाही." लोक हसले. तू ज्यांना चौथीत शिकवलंस तेच हसले. मग सत्यवती उठून म्हणाली, "अण्णा आपल्यातला आहे, त्याने सगळं वाचलंय, आता काय विचारायचं?" आणि तिने पहिला हात वर केला.

गावातले काही लोक म्हणतात मी पैसे खाल्ले. ते खरं नाही. पण ते खरं असतं तर मला सांगणं सोपं गेलं असतं. खरं कारण फार क्षुल्लक आहे. गावात कुणालाही काहीही झालं की 'टीचरम्माला विचारा'. मुलाचं नाव काय ठेवू, टीचरम्माला विचारा. आईसुद्धा, शेवटच्या आजारात, मी डॉक्टरांशी इंग्रजीत बोलून आलो तरी म्हणायची, "सुलभा काय म्हणते?" मी गावातला पहिला इंजिनियर, पण गावाला माझी कधी गरजच पडली नाही. त्या दिवशी पडली. दीड तास सगळं गाव माझ्या तोंडाकडे पाहत होतं. ते पान वाचलं असतं तर सगळे तुझ्याकडे वळले असते. ते मला नको होतं.

एवढ्यासाठी, अक्का.

दुसऱ्या आठवड्यात तुझ्या दारावर कुणी तरी कोळशाने लिहिलं, 'विकासाची वैरीण'. ते मी पाहिलं होतं. गाडीतून. मी गाडी थांबवली नाही.

उपेंद्र


हेब्बाळ
३ ऑगस्ट २०२५

अक्का,

तुझं उत्तर आलं नाही. मी त्याची वाट पाहिली असं म्हणणार नाही. काय उत्तर देणार होतीस?

परवा सुनावणी झाली. तुला इतर कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं.

मंडप शाळेच्या पटांगणात होता. जितेंद्रने मला पहिल्या रांगेत बसवलं, समोर पाण्याची बाटली, छातीवर नावाची चिठ्ठी. त्याला मी काही सांगितलं नव्हतं. महिनाभर रोज ठरवायचो, आज सांगतो. सांगितलं नाही, कारण मलाच खात्री नव्हती की मी ते करीन. सकाळी निघताना सुचेताने विचारलं, "आज काय बोलणार?" मी तिला सगळं सांगितलं, दारात उभ्याउभ्या, चपला घालता घालता. ती आत गेली आणि माझी जुनी फाइल आणून हातात दिली. ती कुठे ठेवलीय हे तिला ठाऊक होतं.

जिल्ह्याच्या अधिकारी बाई कानडीत बोलल्या, वयाने आपल्या मेघाश्रीएवढ्या. मग माझं नाव पुकारलं. मी माईकपाशी गेलो. सत्यवती तिसऱ्या रांगेत होती, कारखान्यात सुट्टी टाकून आलेली.

मी पान एकशे त्रेचाळीस काढलं आणि वाचलं. आधी इंग्रजीत, मग कानडीत, मग मराठीत. म्हणालो, हे २०२२च्या अहवालात होतं आणि मी ते तेव्हा वाचून दाखवलं नाही.

आधी कुणाला काही कळलंच नाही. लोकांना वाटलं मी नव्या अहवालातलं वाचतोय. मला पुन्हा सांगावं लागलं. एकदा बोलायला मी बळ आणलं होतं, दुसऱ्यांदासाठी नव्हतं.

अधिकारी बाईंना माझी दया आली असावी. पांढरे केस, हातात जुनी फाइल. त्या टंकलेखकाकडे हात करून मला कानडीत म्हणाल्या, "नजरचुकीने राहून गेलं, असं लिहू ना, सर?"

अक्का, मी म्हणालो, "हां, सरी, चालेल."

टंकलेखकाने बोटं चालवली. 'नजरचुकीने.' माझ्या अंगातून सगळा ताण उतरला. किती सोपं होतं. सत्य सांगितल्याचं समाधान मिळालं होतं आणि चोर म्हणून नाव लागणार नव्हतं. मी जागेवर परतायला वळलो आणि सत्यवती दिसली. ती माझ्याकडे रागाने पाहत नव्हती. शेजारच्या बाईला ती सांगत होती, "बघ, मी म्हटलं नव्हतं? अण्णाला माहीत नव्हतं."

मी परत माईकपाशी गेलो. "मॅडम, ते खोडा," म्हणालो. "नजरचूक नव्हती. मी त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली होती. माहीत असून गाळलं."

त्यांनी विचारलं, "असंच लिहू? तुम्हाला सही करावी लागेल."

"असंच लिहा."

मग आवाज झाला. कुणी ओरडलं, कुणी खुर्ची आपटली. सुहास उभा राहिला आणि माझ्याकडे नाही, सगळ्यांकडे पाहून म्हणाला, "आता प्लांट बंद करणार का? माझं काम जाणार का? एकवीस घरांचं काम जाणार का? ह्यांना सांगायचं होतं तर तेव्हा सांगायचं. आता कशाला सांगता?" जितेंद्र माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "सर, मला एक फोन तरी करायचा होतात." तोही चुकीचं बोलत नव्हता. त्याला मी तीन वर्षं माझ्या नावावर निवांत ठेवलं होतं.

सत्यवती सगळं शांत होईपर्यंत थांबली. मग उठली. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"अण्णा," ती म्हणाली, "तुम्ही तेव्हा हे वाचलं असतं तरी मी कदाचित हात वर केला असता. ह्यांना काम नव्हतं. घरात अडचण होती. केलाही असता. पण तो माझा हात झाला असता. तुम्ही माझा हात वापरलात."

मी जाऊन जागेवर बसलो.

ती अधिकारी बाईंकडे वळली. म्हणाली, नवा अहवाल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत आम्हाला आमच्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय आम्ही हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. बाईंनी विचारलं, कोण वाचणार? मला वाटलं आता कुणा तरी बाहेरच्या माणसाचं नाव घेतील. सत्यवती म्हणाली, "हेच वाचतील. ह्यांना इंग्रजीही येतं, मशीनही कळतं, आमची भाषाही येते. पण एकटे नाही. शेजारी टीचरम्मा बसतील. त्यांचं बोट ज्या ओळीवर, ती ओळ हे वाचतील."

कुणी हसलं नाही. अधिकारी बाईंनी सुनावणी तहकूब केली. सात सप्टेंबरला ग्रामसभा, त्याआधी चार रविवारी वाचन.

म्हणून हे पत्र. मी तुला बोलावतोय असं समजू नकोस. मला तो हक्क नाही. बोलावतेय सत्यवती, तिचा नंबर पत्राच्या मागे लिहिलाय. तू माझ्याशी बोलायची गरज नाही. फक्त ओळीवर बोट ठेवायचं. नाही आलीस तरी मी कुणाला काही म्हणणार नाही.

उपेंद्र


हेब्बाळ
९ सप्टेंबर २०२५

अक्का,

चारही रविवार तू आलीस. पहाटेची गाडी धरून म्हैसूरहून यायचीस आणि संध्याकाळी परत जायचीस. शाळेच्या त्याच खोलीत बसलो जिथे तू तीस वर्षं शिकवलंस. तू जे पाहिलंस ते पुन्हा लिहीत नाही, पण तुला दिसलं नसेल असं एक सांगतो.

तिसऱ्या रविवारी, दुपारी चारच्या सुमाराला, वाचून वाचून माझा घसा सुकला होता. पाण्याच्या तपासणीचे तक्ते चालले होते. एक ओळ मी सोडली. मुद्दाम नाही, खरंच नाही, पण अगदी अजाणताही नाही. तीत विशेष काही नव्हतं, आणि मी दमलो होतो. मी पुढे वाचत गेलो. तुझं बोट हललं नाही. तू माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. बायका कागदाकडे पाहत होत्या, तुझ्या बोटाकडे. मी थांबलो, मागे आलो, ती ओळ वाचली. मग बोट पुढे सरकलं.

त्या क्षणी मला कळलं की मी सुधारलेलो नाही. मला आजही कुणी तरी शेजारी बसायला लागतं. साठी उलटलेल्या माणसाला स्वतःबद्दल हे कळणं फार वाईट असतं. पण कळलं.

ग्रामसभेचं सांगतो. तुझं नाव आता म्हैसूरच्या यादीत, माझं हेब्बाळच्या, म्हणून दोघांनाही मत नव्हतं. मी पंचायतीच्या बाहेर पायरीवर बसलो होतो. आत हात वर करायचे नाहीत, चिठ्ठ्या टाकायच्या असं सत्यवतीने आधीच ठरवून घेतलं होतं. घराघरांत भांडणं नकोत म्हणून. तरी भांडणं झालीच. एकवीस घरांच्या पोटापाण्याचा प्रश्न होता आणि तो कुणी हलक्यात घेतला नाही. आतून सुहासचा आवाज येत होता, "राख खाणीत टाकू नका म्हणा, मी पण म्हणतो. पण प्लांटलाच नको म्हणू नका." तो खोटं बोलत नव्हता. तुतीची शेतं ज्यांची होती त्यांचंही खोटं नव्हतं.

दीड तासाने मोजणी झाली. दुसऱ्या प्लांटला नको म्हणणाऱ्या एकशे अठरा चिठ्ठ्या, हवा म्हणणाऱ्या त्र्याण्णव. खाणीत राख टाकणं बंद करावं हा ठराव मात्र सगळ्यांनी केला, एकही चिठ्ठी विरुद्ध नाही. जिल्हा ऑफिस तो मानेल की नाही हे कुणाला माहीत नाही. पहिला प्लांट चालूच आहे. आजही चिमणीतून धूर निघतोय. तुतीचं म्हणशील तर खालच्या आळीतल्या लोकांनी बहुतेक झाडं उपटून टाकलीत, ती लगेच परत येणार नाहीत. सुहासचं काम सध्या आहे.

जितेंद्रने माझी खुर्ची काढली. निरोप पाठवला, पुस्तकं आणि चष्म्याचं घर घेऊन जा. तेवढंच होतं माझं तिथे.

लोक बाहेर पडले तेव्हा कुणी माझ्याशी बोललं नाही. काही जण वळसा घालून गेले. म्हातारी भागीरथीबाई, जिच्या मांडीवर आपण दोघं खेळलो, ती समोरून आली आणि तिने तोंड फिरवलं. मी तसाच बसून राहिलो. उठून गेलो असतो तर पळून गेल्यासारखं झालं असतं.

सगळ्यात शेवटी सत्यवती आली. एक पायरी खाली उभी राहिली. निकाल सांगितला, आकडे सांगितले. मग म्हणाली, "अण्णा, चार रविवार तुम्ही नीट वाचलंत. समजलं आम्हाला."

मी म्हटलं, "सत्या, मला तुझ्या घरी येऊन एकदा तुझी माफी मागायची आहे. सुहाससमोर."

ती रागावलेली नव्हती. दमलेली होती, दुसऱ्या दिवशी तिची साडेसहाची बस होती.

"आता येऊ नका," ती म्हणाली. "तुम्ही आलात की मला चहा ठेवावा लागेल. बसा म्हणावं लागेल. 'असू दे अण्णा' म्हणावं लागेल. ते आत्ता माझ्याच्याने होणार नाही. होईल तेव्हा मी सांगीन."

मी "सरी" म्हटलं.

ती खालच्या आळीकडे चालू लागली. मी थांब्यावर आलो. आनेकलची बस रिकामी होती.

उपेंद्र